गंधक पकडणाऱ्या शोभाकाकू

दर तासाला, मोठा काटा बारावर यायच्या दोन मिनिटं आधी, प्रयोगशाळेचं दार उघडायचं आणि शोभाकाकू बाहेर पडायच्या. डोक्यावर हेल्मेट, कॉलरला विषारी वायूची सूचना देणारं छोटं यंत्र, आणि हातात दुधाचे कॅन ठेवायचा प्लास्टिकचा क्रेट. क्रेटमध्ये काचेच्या पाच बाटल्या असत. त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे जुन्या सुती साडीच्या घड्या घातलेल्या. प्रयोगशाळेपासून टॉवरपर्यंत एकशे चाळीस पावलं होती. शंतनूने आपल्या ऑफिसच्या खिडकीतून एकदा ती मोजली होती. काकूंची पावलं ऊन असो वा बर्फ, तेवढीच पडत.

हा कारखाना युटा राज्याच्या पूर्व टोकाला, व्हर्नल गावापासून तासाभराच्या अंतरावर होता. तिथे माणसांपेक्षा हरणं जास्त. जमिनीतला दगड करडा, पापुद्र्यापापुद्र्यांचा. तो बंद भट्टीत तापवला की तेल सुटतं, आणि तेलाबरोबर वायूही सुटतो. हा वायू भट्टी तापवायलाच परत वापरायचा, म्हणजे बाहेरून इंधन आणायला नको. अडचण एवढीच की त्यात गंधक असतं, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो तसाच जाळला तर धुरातून गंधक हवेत जाणार, आणि खालच्या अंगाला गुरं पाळणारी माणसं राहतात त्यांच्या छातीत बसणार. म्हणून वायू जाळण्याआधी एका उंच टॉवरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायचा. तो किती धुतला गेला हे मोजायचं काम शोभाकाकूंचं. वायू किती धुवायचा हे ठरवायचं काम शंतनूचं.

शंतनू पुण्याचा, छत्तिशीचा, कामाचा भोक्ता. त्याची बायको रुचा आणि चार वर्षांची मुलगी सनीव्हेलला. रुचाची चिपच्या कंपनीतली नोकरी सोडण्यासारखी नव्हती आणि व्हर्नलला चिपा बनत नव्हत्या. म्हणून हा महिन्यातून एकदा विमानाने घरी जायचा. कारखाना अजून चाचणीच्या अवस्थेत होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्याच्या हवा विभागाची अधिकारी येऊन तीन दिवस तपासणी करणार होती. धुतलेल्या वायूत दहा लाखांत दीडशे भागांच्या वर गंधकाचा वायू निघाला तर परवाना नाही. परवाना नाही तर कारखान्याला कुलूप. आणि कुलूप लागलं तर शंतनूला व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मुलीच्या शाळेचं, घराचं, रुचाच्या नोकरीचं, सगळ्याचं ओझं त्या दीडशेच्या आकड्यावर टेकलं होतं.

शोभाकाकूंवर असं काही टेकलेलं नव्हतं, त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या. मुलगा वेदांत त्यांना केव्हापासून बोलवत होता.

"आई, तू तिथे काय करतेयस? देअर इज नथिंग देअर."

"गंधक आहे," त्या म्हणायच्या.

काकू मूळच्या नागपूरच्या. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्या आणि लग्न होऊन नवऱ्यामागे पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला आल्या. अरुणकाका तिथे कोळशावर पीएचडी करत होते. काकूंच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये खिडकीतून बर्फ बघत बसायचं, नाहीतर कॅम्पसच्या बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं. असा एक हिवाळा काढल्यावर त्या एक दिवस अरुणकाकांच्या विभागात गेल्या आणि म्हणाल्या, बाटल्या धुवायला कुणी हवंय का? पगार नको. पाच वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या. तिथल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने एकदा त्यांनी धुतलेली बाटली उजेडाकडे धरली. काचेवर पाण्याचा एकही थेंब चिकटलेला नव्हता. त्याने हातातलं बुरेट त्यांच्यापुढे केलं. बुरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी, खाली थेंबाथेंबाने सोडायला तोटी. काकू मोजायला शिकल्या त्या तिथे. पुढे ग्रीन कार्ड आलं, नोकरी मिळाली, पंचवीस वर्षं झाली. अरुणकाका गेले तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. वर्षभराने एका जाहिरातीत 'हाताने रासायनिक मोजणी करू शकणारी व्यक्ती हवी' असं वाचलं आणि गाडीत साड्या, कुकर आणि स्वतःचं बुरेट घालून चार दिवस ड्राइव्ह करत एकट्या युटात आल्या.

कारखान्यात मोजणीसाठी यंत्र होतंच. दर मिनिटाला आकडा स्क्रीनवर यायचा. तरीही राज्याच्या नियमाप्रमाणे खरा आकडा म्हणजे हाताने काढलेला आकडा, म्हणून काकू लागायच्या. त्यांची एक जाडजूड वही होती. वेळ, वायूचा वेग, सोड्याचं प्रमाण, बुरेटचा आकडा, आणि शेवटी एक रकाना, 'शेरा'. वहीची भाषा इंग्रजी, पण हा एक शब्द त्यांनी मराठीत ठेवला होता. टॉवर चालवणारा डेल हा जन्माने तिथलाच, साठीचा, धिप्पाड. तो विचारायचा, "मिसेस एस, त्या शेवटच्या खणात काय लिहिता? माझ्या तक्रारी?"

"तुमच्या तक्रारींना वेगळी वही लागेल, डेल."

तपासणीला बारा दिवस उरले तेव्हा आकडा दोनशे चाळीस होता.

शंतनूने अशा वेळी कुणीही हुशार इंजिनिअर करेल तेच केलं. वायू नीट धुतला जात नाही, तर जास्त वेळ धुवा. त्याने वायूचा वेग निम्म्यावर आणला आणि पहिल्या टॉवरच्या पुढे पडून असलेला दुसरा टॉवर जोडला. टॉवरच्या पोटात स्टीलच्या हजारो कड्या भरलेल्या असतात. त्यांच्यावरून पाणी ओघळतं आणि खालून वायू चढतो. आता वायूला पाण्याच्या संगतीत चौपट वेळ मिळणार होता. दोन दिवस सगळे राबले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, काकूंचा आकडा आला चारशे दहा. सोड्याची पिंपंसुद्धा दुप्पट वेगाने रिकामी होत होती.

"काकू, परत करा."

"दोनदा केलं."

"मग बाटलीत काहीतरी असेल."

प्रयोगशाळेत डेल होता, आणखी दोघं होते. काकूंनी हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच मराठीत म्हणाल्या, "शंतनू, मला वाटतं आपण वायू पाण्यात जास्त वेळ ठेवतोय. कमी ठेवायला हवा."

शंतनू दोन रात्री झोपला नव्हता. "काकू, प्लीज. तुम्ही आकडे द्या. अर्थ मी लावतो."

डेलला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. तो टोपी उचलून बाहेर गेला. काकूंनी वहीत चारशे दहा लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं, आणि तो रकाना कोरा ठेवून बाटल्या धुवायला गेल्या.

शनिवारभर शंतनूने कॉम्प्युटरवर हिशेब मांडले. प्रत्येक हिशेब सांगत होता की जास्त वेळ दिला की जास्त धुतलं जातं. रविवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"पोहे करतेय. ये. सॉल्ट लेकहून परवाच आणलेत. जाड आहेत."

चिडलेल्या माणसाचा आवाज असतो तसा तो आवाज नव्हता. शंतनूला त्याचीच जास्त लाज वाटली. तो गेला.

काकूंचं भाड्याचं घर छोटं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर लाल डोंगर दिसत. काकू कांदा चिरत होत्या. माफी कशी मागावी हे त्याला सुचेना, म्हणून तो म्हणाला, "मी काही करू?"

"पोहे घे धुवून. चाळणी तिथे आहे."

त्याने चाळणी बघितली, पण पातेलं जवळ होतं. पोहे पातेल्यात घातले, वर पाणी ओतलं, आणि तेवढ्यात रुचाचा फोन आला. मुलीला काल ताप होता, आज बरी आहे. बाबा कधी येणार विचारत होती. आणि टेस्टचं काय झालं? तो बोलत बोलत अंगणात गेला. परत आला तेव्हा फोडणी तयार होती आणि काकू पातेल्यात बघत उभ्या होत्या.

"काय केलंस हे?"

पातेल्यात लापशी झाली होती.

"सॉरी काकू. म्हटलं नीट भिजू दे."

"अरे, पुण्याचा ना तू? पोहे धुवायचे असतात, भिजवायचे नसतात. चाळणीत घ्यायचे, वरून पाणी सोडायचं, हलवायचे, की बास. पाणी लागायचं तेवढं लागलेलं असतं. नंतर जे शिरतं ते नुसतं बिघडवायला शिरतं."

त्या हसत होत्या. मग त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि टेबलावरची वही त्याच्यासमोर उघडली. कारखान्याची वही घरी आणायची नाही असा नियम होता. म्हणून त्यांनी पानांच्या फोटोंच्या प्रती काढून ही वही शिवली होती.

"हा एप्रिल बघ. सोळा तारीख. त्या दिवशी डेलचा व्हॉल्व्ह अडकला होता आणि दोन तास वायू दुप्पट वेगाने पळत होता. आठवतं?"

शंतनूला आठवत होतं. सगळ्यांची धावपळ झाली होती.

"त्या दोन तासांचा आकडा वाच."

पंच्याण्णव. आणि मग एकशे दोन. वर्षभरातले सगळ्यात कमी. शेऱ्याच्या रकान्यात काकूंनी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्याच्यावर लाल शाईने रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चुकीचं मोजमाप, वगळावं.' अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

त्याने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"वायूत गंधक एकटं नाही," काकू म्हणाल्या. "कार्बन डायऑक्साइड आहे, गंधकाच्या पंधरा-वीसपट. सोड्याचं पाणी दोघांनाही धरतं. पण गंधकाला लगेच धरतं, हात लागला की झालं. कार्बन डायऑक्साइड हळूहळू शिरतो. तू वायू तिथे जास्त वेळ बसवून ठेवलास की तोच सगळा सोडा खाऊन टाकतो. मग गंधकासाठी पाण्यात काही उरतच नाही. मला असं वाटतं हां. मी काही इंजिनिअर नाही."

शंतनूच्या डोक्यात कॉम्प्युटरवरचे सगळे हिशेब एकदम उलटे फिरले. त्याने प्रत्येक वेळी फक्त गंधकाचा हिशेब मांडला होता. जेवायला बसलेला दुसरा पाहुणा, कार्बन डायऑक्साइड, त्याला दिसलाच नव्हता.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. प्रश्नचिन्ह काढलं होतं."

"काकू, मी शुक्रवारी जे बोललो..."

"लापशीत दूध-साखर घालते," काकू म्हणाल्या. "तुझ्या हातची आहे, खावी लागेल."

सोमवारी सकाळी शंतनूने दुसरा टॉवर वेगळा करायला सांगितलं आणि पहिल्या टॉवरमधल्या कड्यांपैकी तीन चतुर्थांश बाहेर काढायला सांगितल्या. डेलने हेल्मेट मागे सरकवलं. "तपासणीला सात दिवस आहेत. गेल्या आठवड्यात म्हणालास जोड, आता म्हणतोस काढ. ही कुणाची आयडिया?"

"मिसेस एसची."

"मग ठीक आहे," डेल म्हणाला आणि पाना उचलला.

कड्या पोत्यांत भरून अंगणात रचल्या. टॉवर जवळजवळ पोकळ झाला. वायू आता पाण्याच्या फवाऱ्यातून सरळ पळत जायचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत बाहेर. बुधवारी दुपारी शोभाकाकू क्रेट घेऊन एकशे चाळीस पावलं गेल्या आणि एकशे चाळीस पावलं आल्या. आकडा आला एकशे अठरा. गुरुवारी एकशे सात. शुक्रवारी एकशे बारा. सोडा निम्मा लागत होता. डेलने शिट्टी वाजवली. काकूंनी आकडे लिहिले. शेऱ्याचा रकाना अजून कोराच होता.

तपासणीला आलेल्या अधिकारी, मिस हॅन्सन, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या सीलबंद बाटल्या आणल्या होत्या. तीन दिवस, रोज एक चाचणी. नमुना त्यांच्यासमोर घ्यायचा, मोजणी त्यांच्यासमोर करायची. पहिल्या दिवशी एकशे वीस निघाले. दुसऱ्या दिवशी एकशे एकतीस. तिसऱ्या दिवशी सकाळी पारा एकदम खाली आला, भट्टीत ओलसर दगड पडला आणि यंत्राच्या स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला. एकशे चाळीस. एकशे चव्वेचाळीस. एकशे सत्तेचाळीस. नमुना घ्यायला अजून वीस मिनिटं होती.

शंतनूचा हात वायूचा वेग कमी करायच्या बटणाकडे गेला. पंधरा वर्षांच्या शिक्षणाची सवय होती ती. धुतलं जात नाही, तर सावकाश धू. पोहे, लापशी, लाल रेघ, सगळं माहीत असूनही बोट तिथेच जाऊन टेकलं.

"शंतनू."

काकू दारात उभ्या होत्या, क्रेट हातात.

"हात खिशात घाल."

"काकू, एकशे सत्तेचाळीस झालेत. चार वाढले की संपलं. माझं सगळं..."

"माहीत आहे मला. वेग वाढव. थोडासाच."

"आणि चुकलो तर?"

"तर मी चुकले असं लिहीन. पेन माझं आहे."

त्याने बोट उचललं. वेग थोडा वाढवला आणि खरंच दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबले.

नमुना घेतला गेला. प्रयोगशाळेत मिस हॅन्सन टेबलाच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, शंतनू दुसऱ्या बाजूला, डेल दाराला टेकून. बाटलीत वायूतलं गंधक पिवळ्या गाळासारखं अडकलं होतं. काकूंनी त्यात मोजून आयोडीन घातलं. गंधक आपल्या वाट्याचं आयोडीन खातं, आणि उरलेलं आयोडीन पिठाच्या पाण्याने गडद निळं होतं. आता बुरेटमधून थेंब सोडत तो निळा रंग घालवायचा. जितके जास्त थेंब लागतील तितकं आयोडीन उरलेलं, म्हणजे गंधक तितकं कमी. मिस हॅन्सननी कागदावर आकडा लिहून ठेवला होता. बुरेटवर सतराच्या खुणेच्या आधी निळा गेला तर नापास.

काकूंनी चष्मा पुसला. डावा हात तोटीवर, उजव्या हाताने बाटली गोल गोल हलवत. थेंब पडत राहिले. दहा. बारा. चौदाला, थेंब पडेल तिथे निळा रंग क्षणभर पांढरा व्हायचा आणि परत भरून यायचा. पंधरा. शंतनूला वाटलं रंग फिका झाला. सोळा. नक्कीच फिका झाला होता, आता आकाशासारखा होता. काकूंनी तोटी आवळली. एक थेंब. बाटली हलवली. एक थेंब. साडेसोळा. मिस हॅन्सन पुढे वाकल्या. काकूंचा हात विणकाम करणाऱ्या बाईच्या हातासारखा संथ चालला होता, जणू या बाटलीत कुणाचं घर, कुणाची शाळा, काही नाही, फक्त निळा रंग आहे.

सतरा. निळा होता.

सतरा पूर्णांक चार. अजून होता.

सतरा पूर्णांक नऊला एक थेंब पडला, बाटली एकदा फिरली, आणि पाणी पिवळसर गढूळ होऊन तसंच राहिलं. मिस हॅन्सननी हिशेब केला, दोनदा तपासला. "एकशे सव्वीस," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "टॉवर लहान करून गंधक कमी होतं, हे मी आधी पाहिलेलं नाही. ही कल्पना कुणाची?"

"कड्या डेलने काढल्या," काकू म्हणाल्या. "काढायला शंतनूने सांगितल्या."

"कल्पना यांची," शंतनू म्हणाला. "एप्रिलपासून यांच्या वहीत होती. मीच खोडली होती."

मिस हॅन्सननी काकूंकडे नीट पाहिलं. वही मागून घेतली, सोळा एप्रिलचं पान वाचलं, लाल रेघही वाचली असणार, आणि दोन्ही हातांनी परत दिली.

सगळे गेल्यावर शंतनूने रुचाला फोन करायला खिशातून फोन काढला आणि तसाच परत ठेवला. आधी त्याने वही उघडून टेबलावर सरळ केली, आजची ओळ शोधली आणि पेन काकूंच्या हातात दिलं.

"शेरा राहिलाय, काकू. तो तुम्ही लिहायचा. यापुढे मी त्या रकान्याला हात लावणार नाही."

काकूंनी चष्मा खाली घेतला. बाहेर डेल पोत्यातल्या कड्यांना लाथ मारत कुणाला तरी मोठ्याने सांगत होता की एवढं लोखंड आता भंगारात जाणार. मग काकूंनी बारीक, सरळ अक्षरात एकच शब्द लिहिला. 'ठीक.'

आणि बाह्या वर करून त्या बाटल्या धुवायला गेल्या. शंतनूनेही जॅकेट काढलं आणि त्यांच्या शेजारी बेसिनपाशी उभा राहिला. धुतलेली पहिली बाटली त्याने उजेडाकडे धरली. काचेला दोन थेंब चिकटलेले होते. काकूंनी ती त्याच्या हातून घेतली आणि पुन्हा नळाखाली धरली.